चष्म्यासकट

"मनमिळाऊ म्हणजे नक्की काय गं?" ताईने पेपर नाकाला टेकवून विचारलं होतं. रविवारची सकाळ होती. भाजीची पिशवी घेऊन मी तिच्या दुकानात टेकले होते. आमच्या जुन्या सोसायटीतल्या एक बाई वारल्याची बातमी फोटोसकट आली होती. प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक, असं तीन ओळींत त्यांचं आयुष्य बसवलं होतं. ताईला त्या चांगल्याच माहीत होत्या. टँकर आला की पहिली बादली कुणाची, यावरून त्यांनी अख्खी बिल्डिंग अंगावर घेतली होती. "चांगली भांडकुदळ बाई होती, मला आवडायची. मेली काय आणि लगेच मनमिळाऊ झाली! शुभे, माझ्या वेळी असलं काही छापलंस तर बघ." मी म्हटलं, "तुझ्या वेळी मी ऐंशीची असेन, मला काय लिहिता येणारे?" त्यावर ती हसली आणि पेपरची घडी करून गिऱ्हाइकाकडे वळली... त्यानंतरच्या बुधवारी दुकानाचं शटर वर करता करता ती पायरीवर बसली, ती उठलीच नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला, "दीदी गिर गई हैं, आप जल्दी आओ." मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारपर्यंत सगळं संपलं. ताईला चाळिशी लागायला अजून अवकाश होता.

तेव्हा हे आधीच लिहून टाकते. माझी बहीण वासंती मनमिळाऊ नव्हती, आणि सोशिक तर मुळीच नव्हती. आता पुढचं मला मोकळेपणाने लिहिता येईल.

गिरगावातली जागा सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो तेव्हा ताईचं बी.एस्सी. झालं होतं आणि माझं कॉलेज सुरू होतं. ताईच्या चष्म्याचा नंबर तेव्हा उणे तेरा होता. ज्यांनी असा चष्मा पाहिलेला नाही त्यांना सांगते... समोरून पाहिलं की डोळे चिंचोक्याएवढे दिसतात, गाल काचेच्या आत कापल्यासारखा आत सरकतो, आणि कडेकडेने एकात एक अशी वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकावा तशी. लहानपणी मुलं तिला 'सोडा वॉटर' म्हणायची. त्या वर्तुळांचं कारण तिला कॉलेजात कळलं. काचेच्या जाड कडेतून शिरलेला उजेड पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावर आतल्या आत आपटत राहतो, आणि दर वेळी त्या कडेचंच एक नवं प्रतिबिंब उमटतं. त्या दिवशी ती घरी आली तीच पुस्तक उघडून. "आई, एवढ्या सगळ्या अभ्यासक्रमात हा एकच धडा माझ्याबद्दल आहे," असं तिने जाहीर केलं आणि आईला स्वयंपाकघरात पकडून काचेच्या पेल्यात पाणी भरायला लावलं. पेला डोळ्यांच्या वर धरून खालून बघायला सांगितलं. खालून पाहिलं तर पाण्याचा वरचा भाग चक्क चांदीसारखा, पलीकडचं काही दिसेना. "बघ, पाणी तेच, आरपार दिसणारं. पण विशिष्ट तिरक्या कोनातून गेलीस तर ते तुला पलीकडे जाऊच देत नाही, सगळा उजेड परत पाठवतं." आई म्हणाली, "बरं, आता तो पेला घासून ठेव, पाणी झाडाला घाल." भाईंदरला पाणी मोजून यायचं, विज्ञानासाठी पेलाभर ओतणं हीसुद्धा चैन होती.

तिला पुढे शिकायचं होतं, पण अण्णांची नोकरी संपत आली होती आणि घरात दोन मुली होत्या. मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. स्थळं आणायची ती आमची कुमुदआत्या. अण्णांची ही मोठी बहीण, बोलायला फटकळ आणि मनाने आमचीच. तिचा एकच हट्ट होता, मुलाकडची मंडळी येतील तेवढा अर्धा तास वासंतीने चष्मा काढून ठेवायचा. डोळ्यांत घालायच्या लेन्सही करून पाहिल्या होत्या, पण ताईच्या डोळ्यांना त्या सोसल्या नाहीत. आठवड्यात डोळे टोमॅटोसारखे झाले आणि डॉक्टरांनीच त्या फेकायला लावल्या. त्यामुळे चष्मा काढणं म्हणजे सरळ आंधळं होणं. तरी पहिल्या एकदोन वेळी ताईने ऐकलं. एका स्थळाच्या वेळी ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला उभा आरसा. तिला रंगांचे नुसते पुंजके दिसत होते. निळा शर्ट म्हणजे मुलगा, हे आत्याने आत सांगून ठेवलेलं. ताई निळ्या पुंजक्यासमोर गेली, अदबीने वाकली आणि बशी पुढे केली... आरशाला. बशी काचेवर टणकन आपटली. मुलाच्या बहिणीला हसू आवरेना. आम्हा सगळ्यांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

ताईने बशी टेबलावर ठेवली, आत गेली, चष्मा चढवून बाहेर आली आणि त्या मुलाच्या बरोबर समोर खुर्ची ओढून बसली. "हां, आता बघा," ती म्हणाली. "मीही बघते."

तिथून नकार आला. आत्या चार दिवस बोलत नव्हती. ताई मात्र हलकी झाल्यासारखी दिसत होती. त्यानंतर तिने चष्मा कुणासाठीही काढला नाही.

मग प्रश्न आला फोटोचा. स्थळांना पाठवायला फोटो लागायचा. स्टेशनकडे जाताना एक स्टुडिओ होता, तिथे आम्ही दोघी गेलो. फोटोग्राफरने ताईला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, आणि सवयीने म्हणाला, "मॅडम, चष्मा निकालो, काच में लाइट मारता है." ताई म्हणाली, "नहीं निकालूंगी." त्याने हसून ड्रॉवर उघडला आणि एक बिनकाचेची फ्रेम काढली. त्याच्याकडे ती अशाच लोकांसाठी ठेवलेली होती. चष्मा घातल्यासारखा दिसणार, काच मात्र नाही. मला ती युक्ती फार आवडली. ताईने फ्रेम हातात घेतली, तिच्या मोकळ्या जागेतून बोट आरपार घातलं आणि परत दिली. "इसमें से मुझे क्या दिखेगा? माझा फोटो काढताय, मला कॅमेरा तर दिसू दे." तो वैतागला, म्हणाला, दोन पांढरे ठिपके येतील, पैसे परत मिळणार नाहीत. मग ताईने त्याला दिवा थोडा वर घ्यायला सांगितला. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलून तिने काचा जराशा खाली झुकवल्या. "उजेड जेवढ्या तिरक्याने येतो तेवढ्याच तिरक्याने जातो. आता तो जमिनीवर जाईल, तुमच्या कॅमेऱ्यात नाही." तो फोटो आला तेव्हा त्यात एकही ठिपका नव्हता. डोळे होते, लहान पण सरळ आपल्याकडे बघणारे, आणि कडेची वर्तुळंही होती. आत्या म्हणाली, "हा फोटो पाठवला तर कोण येणार गं?" ताई म्हणाली, "जो येईल तो बघून येईल."

आणि एक जण खरंच आला. हे सांगताना अजूनही माझं मन आईकडेही ओढतं, ताईकडेही. मुलगा सरकारी नोकरीत, शांत, दिसायला बरा. फोटो पाहूनच त्यांचा निरोप आला होता, मुलगी चष्म्यासकट चालेल. आमच्या घरात सण असल्यासारखं झालं. एव्हाना माझ्यासाठीही विचारणा होऊ लागली होती, आणि मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं, या एका वाक्यावर सगळं अडलं होतं. बैठक झाली, देण्याघेण्याचं काही नव्हतं. उठता उठता मुलाची आई म्हणाली, "तेवढं एक करा. लग्नाच्या दिवशी चष्मा नको. मुंडावळ्या, हार, त्यात ते जाड भिंग... फोटो आयुष्यभर राहतात हो. एका दिवसाचा तर प्रश्न."

आईने तिथेच मान डोलावली. एका दिवसाचा तर प्रश्न! ती माणसं गेली आणि ताई म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

त्या संध्याकाळचं भांडण आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. आत्या म्हणाली, "अगं, जन्मभर घाल ना चष्मा, कोण नको म्हणतंय? एक दिवस!" ताई म्हणाली, "कुठला एक दिवस, आत्या? माझ्या लग्नाचाच ना? म्हणजे सगळ्या गावाने माझं लग्न बघायचं आणि मी नाही बघायचं? अंतरपाट दूर झाला की पलीकडे कोण उभं आहे ते मला दिसायला नको?" आई रडत होती. "ते लोक चालेल म्हणाले ना गं तुला..." ताई एकदम थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "चालेल म्हणाले. तेच तर. आई, गळका माठ चालतो, कालची पोळी चालते. मी चालवून घ्यायची वस्तू नाही." अण्णा इतका वेळ गॅलरीत पाठमोरे उभे होते. ते आत आले आणि म्हणाले, "कुमुद, नाही म्हणून कळव." बस, एवढंच. पुढे कित्येक दिवस आई अण्णांशी धड बोलली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ताईने अण्णांना समोर बसवून सांगितलं, शुभाचं बघा. माझ्यासाठी थांबायचं नाही. लोक काय म्हणायचं ते मला म्हणतील, तिला नाही. माझं लग्न ठरलं ते असं, थोरलीच्या आधी. लग्नाच्या अल्बममध्ये जवळजवळ प्रत्येक फोटोत ताई आहे, कारण धावपळ तीच करत होती. आणि तिथला फोटोग्राफर कोनांच्या भानगडीत पडणारा नव्हता, त्यामुळे प्रत्येक फोटोत तिच्या डोळ्यांच्या जागी फ्लॅशचे दोन पांढरे गोळे आहेत. माझ्या सासूबाई अल्बम दाखवताना पाहुण्यांना सांगायच्या, "ही हिची बहीण, हुशार आहे फार," आणि पुढचं पान उलटायच्या.

मी लग्न होऊन मीरा रोडला शांती नगरमध्ये आले. ताईने नोकरी धरली, भाईंदर पश्चिमेच्या बाजारात जयंतीभाईंच्या चष्म्याच्या दुकानात. जयंतीभाई गुजराती, साठीचे, पांढरा लेंगा-शर्ट घालून गल्ल्यावर बसणारे. डोळे तपासायला आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर यायचे. फ्रेम निवडून देणं, माप घेणं, काचा बसवून आल्या की पारखून बघणं हे ताईचं काम. जाड काचेची कड पातळ दिसायची तर फ्रेम लहान घ्यायची, हे ती प्रत्येकाला सांगायची. तेव्हा फॅशन मोठाल्या फ्रेमची होती. "जितकी मोठी काच तितकी जाड कड आणि तितकी वर्तुळं. लहान घे, भिंगाचा मधला पातळ भागच वापरात येईल." जयंतीभाईंना हे पटायचं नाही, मोठ्या फ्रेमला भाव जास्त. "अरे बेन, गिराक को जो पसंद है वो देने का." पण ताईने दिलेला चष्मा घालून बाहेर पडलेलं गिऱ्हाईक चार जणांना घेऊन परत यायचं, म्हणून ते गप्प बसायचे.

तिथेच तिला कळलं की आरशापुढे बशी धरणारी ती एकटी नव्हती. मुलींना घेऊन येणाऱ्या आया दबक्या आवाजात विचारायच्या, नंबर कमी लिहून देता येईल का, फक्त अभ्यासापुरता घातला तर चालेल का, लग्नाचं बघायचंय हो. ताई त्यांना आपला चष्मा काढून हातात द्यायची. "यातून बघा. मग मी काढून ठेवला की मला काय दिसत असेल ते सांगा." कुणाला राग यायचा. एकदोघी तशाच उठून गेल्या. जयंतीभाई कपाळावर हात मारून घ्यायचे.

खाडीकाठच्या मोरवा गावची एक मुलगी होती, प्रमिला. पाचवी-सहावीतली. शाळेतल्या बाईंनी जबरदस्तीने आईबरोबर पाठवलेली. आई बाजारात मासळी विकायची. दारातच उभी राहून ती म्हणाली, "बाय, पोरीला दिसतं हाय. आंधली न्हाय ती. जरा मंद हाय, येवढंच." डॉक्टरांनी तपासलं तर नऊ नंबर. पोरीला फळा कधी दिसलाच नव्हता, आणि वर्गात ठोंबी म्हणून मार खात ती एक-एक वर्ष पुढे ढकलली जात होती. ताईने तपासणीच्या चौकटीत काचा बसवून ती तिच्या नाकावर ठेवली आणि दुकानाच्या दारात नेऊन उभी केली.  प्रमिला रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी एकेक अक्षर करत मोठ्याने वाचू लागली. एक झाली, दुसरी, तिसरी... आईने हातातली टोपली खाली ठेवली. पण आठवड्याने तयार चष्मा न्यायला कुणी आलं नाही. ताई चौकशी करत मोरव्याला गेली. तिथे प्रमिलाचा आजा ओटीवर बसून होता. "चसम्याची पोर घरात न्हाय पायजे. लगीन कोन करंल?" ताई त्याच्या पुढ्यात पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, माझंही नाही झालं लग्न. नोकरी करते, स्वतःच्या पैशाने जेवते, तुमच्या दारापर्यंत कुणाचा हात न धरता आले. चष्मा नसता तर खाडीत गेले असते."  म्हातारा आत बघून म्हणाला, "चा ठेव गो बायला." चष्मा प्रमिलाच्या नाकावर चढला तो चढलाच. पुढे ती दहावी पास झाली, पेढे घेऊन दुकानात आली, तेव्हा जयंतीभाईंनी दोन पेढे घेतले आणि म्हणाले, "वासंतीबेन, इसका क्रेडिट मेरी दुकान को भी है हां."

त्यानंतरच्या वर्षी ताईचा उजवा डोळा गेला. इतक्या मोठ्या नंबरच्या डोळ्यात मागचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. दुकानातच तिला कोपऱ्यात विजा चमकल्यासारख्या दिसू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी एका बाजूने काळा पडदा सरकत आला. तिला याचा अर्थ ठाऊक होता. मुंबईला मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, डोळ्याभोवती आतून पट्टा घातला, तरी त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं. ती महिनाभर माझ्याकडे शांती नगरला होती. मी घाबरून गेले होते. एकदा तिला भात कालवून देताना मला रडू आलं, तर म्हणाली, "रडतेयस काय? अर्धं तिकीट काढून पूर्ण सिनेमा बघणारे मी." पण आंघोळीला गेली की ती खूप वेळ बाहेर यायची नाही, आणि आतून पाण्याचा आवाजही यायचा नाही. मी दाराबाहेर उभी राहायचे. आम्ही दोघीही त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

ती परत कामावर गेली तर जयंतीभाईंनी तिला आत बसायला सांगितलं, मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनपाशी. वाईट माणूस नव्हता तो. दोन्ही हात जोडून म्हणाला, "बेन, बुरा मत मानो. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक डोळ्याची बाई... गिराक डरेगा. अपशकुन माने छे लोग." ताईने टेबलावरचा आपला रुमाल उचलला, चपला घातल्या आणि रिक्षा करून थेट माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, "तुमच्या सेक्टरमध्ये एखादा गाळा भाड्याने मिळेल का गं?"

सगळ्यांनी वेड्यात काढलं. आईने, आत्याने, माझ्या यजमानांनीसुद्धा. अण्णा तेवढे म्हणाले, "बघू." किराणा आणि झेरॉक्सच्या मध्ये एक अरुंद गाळा मिळाला. पाटी तिने मराठीत रंगवून घेतली, 'स्पष्ट चष्मेवाले'. बाकीच्या दुकानांत काचेमागे गोऱ्यापान मॉडेलचे फोटो लावतात, पातळ फ्रेमा घातलेले. ताईने स्वतःचा फोटो मोठा करून लावला, स्टेशनजवळच्या स्टुडिओतला तोच, वर्तुळांसकट. आत्या म्हणाली, लोक पळून जातील. पहिले दोन महिने पळालेही. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, "दीदी, फोटो बदल दो." मग एक दिवस एक बाई मुलीला ओढत घेऊन आली. मुलगी हुंदके देत होती. बाई काचेसमोर थांबली, फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "देख, रो मत. ये आंटी का तो तेरे से डबल है, और दुकान की मालकिन है." त्यानंतर दुकान चाललं ते तिच्या शेवटच्या बुधवारपर्यंत चाललं. मी दुपारी हिशेबाला जाऊन बसू लागले, आणि ताई एका डोळ्याने काचा पारखत राहिली. त्या डोळ्याचा नंबर अठरापर्यंत गेला होता.

त्या बुधवारी दुपारी तिला घरी आणलं तेव्हा मी पहिलं काम केलं ते पंखा बंद करण्याचं. डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, आणि नेत्रपेढीला फोन लावला. दोनेक वर्षांपूर्वी ताईने नेत्रदान करायचं ठरवलं होतं, तेव्हा घरात हसले होते सगळे. तुझे डोळे कोण घेणार? तिने तेव्हा माझ्या यजमानांना समजावलं होतं की घेतात ते डोळ्याची पुढची काच तेवढी. डोळ्यात शिरताना उजेड सगळ्यात जास्त वाकतो तो तिथेच. "माझा बिघाड आहे मागे. पुढची काच एकदम नवी आहे." हे सगळं मी त्या दिवशी जमलेल्यांना सांगत बसले नाही. कुमुदआत्या भिंतीला टेकून बसली होती, आता पंचाहत्तरीची. ती म्हणाली, "शुभा, नको गं. जन्मभर डोळ्यांनीच छळलं तिला, आता मेल्यावर तरी सोडा. आणि कोणाच्या उपयोगी पडणार ते? आलेली माणसं बघून परत जातील, आणखी हसं होईल." मी म्हटलं, "जाऊ देत परत. त्यांना बघून तर जाऊ दे."

नेत्रपेढीतून एक तरुण डॉक्टरीण आली. मी तिला आधीच सांगून टाकलं, उणे अठरा, उजव्याचं पडद्याचं ऑपरेशन झालेलं. ती म्हणाली, "नंबरचं काही नसतं." गुडघ्यांवर बसून तिने कापूस बाजूला केला, पापणी उचलली आणि छोट्या टॉर्चचा झोत बाजूने तिरका सोडला.  तिने दुसरा डोळाही पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन्ही अगदी स्वच्छ आहेत." आत्याने पदर तोंडाला लावला. पुढे आठवड्याभराने त्यांचा फोन आला, दोन्ही डोळे लागले, दोन वेगवेगळ्या माणसांना. कोण, कुठले, ते सांगत नाहीत. मला विचारायचंही नव्हतं.

पण त्या दिवशी डॉक्टरीण निघून गेल्यावर घाई सुरू झाली. बाहेर माणसं खोळंबली होती, अंधार व्हायच्या आत न्यायचं होतं. ताईला नवी साडी नेसवली, कुंकू लावलं. तिचा चष्मा सकाळपासून माझ्या पर्समध्ये होता. इस्पितळात नर्सने काढून हातात दिला होता. मी तो बाहेर काढला, नळाखाली धुतला, पुसला आणि तिला घालायला वाकले. कुणीतरी मागून म्हणालं, "आता कशाला चष्मा? डोळे तर देऊन टाकले." मी मागे न बघता म्हटलं, "ती घराबाहेर कधी चष्म्याशिवाय पडली नाही. आजही पडणार नाही."  काड्या कानांमागे नीट बसेनात... कुमुदआत्या भिंतीचा आधार घेत उठली, माझ्या शेजारी येऊन वाकली.

"वाकडा लागलाय," ती म्हणाली. "थांब, सरळ करू दे."